ईस्टरचे अंडे व बालधर्मशिक्षण (नागपूर)

येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, रंगवलेली अंडी मुलांना देण्याची ख्रिस्ती प्रथा व तिच्या आधारे दिले जाणारे धार्मिक शिक्षण. अंडे म्हणजे दगडाने बंद केलेली कबर आणि कवच फोडून येणारे पिल्लू म्हणजे उठलेला ख्रिस्त, असा अर्थ मुलांना सांगतात.

बायबलमधील पुनरुत्थानाच्या कथेत अंडे कुठेही नाही. त्याचे मूळ उपवासात आहे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्या मात्र अंडी देत राहत, आणि साठलेली अंडी सणाला वाटली जात. पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळ्यांत ती तांबडी रंगवतात. तो रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा. मरीया मग्दालीयेच्या हातातले अंडे रोमच्या सम्राटासमोर लाल झाले, ही आख्यायिका नंतरची. मुलांना ती आवडते. पण आख्यायिका म्हणूनच सांगावी.

नागपुरात ईस्टर सर्वच ख्रिस्ती परंपरांनी सारख्या उत्साहाने आणला नाही. १८४५ मध्ये येथे आलेले स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. स्कॉटिश सुधारणावाद्यांनी १५६० मध्येच वार्षिक सण बाद ठरवले होते. प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचाच, मग वेगळा सण कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. याउलट अँग्लिकन व कॅथलिक मंडळ्यांत ईस्टर हा वर्षाचा मुख्य सण. अँग्लिकनांचा नागपूर धर्मप्रांत १९०३ मध्ये, तर कॅथलिकांचा १८८७ मध्ये स्थापन झाला. सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तीही नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. त्यामुळे सण मानणाऱ्या व न मानणाऱ्या परंपरांचे वारसदार एकाच मंडळीत आले. स्कॉटिश आक्षेप मात्र अगदीच टाकाऊ नव्हता: वर्षातून एकदा अंडे हाती देऊन भागत नाही, ही गोष्ट रविवारच्या शाळेतील शिक्षकांना आजही पटते.

शिकवण्याची एक प्रचलित पद्धत अमेरिकेतून आली. बारा उघडझाप अंड्यांपैकी अकरांत एकेक वस्तू ठेवतात: गाढव, नाणी, काट्यांचा मुकुट, खिळा, दगड इत्यादी. मुले एकेक अंडे उघडतात आणि झावळ्यांच्या रविवारपासूनची कथा क्रमाने उलगडते. यहूदाला मिळालेली नाणी, पिलाताचा निवाडा, अरिमथाईकर योसेफाची कबर असे सगळे येते. शेवटचे अंडे रिकामे असते. लहान मूल तिथे हिरमुसते. आपल्याला काहीच मिळाले नाही असे त्याला वाटते. पद्धतीचे खरे बळ याच क्षणात आहे, कारण रिकाम्या कबरीपाशी आलेल्या स्त्रियाही आधी गोंधळल्या आणि घाबरल्याच होत्या. शिक्षकाने घाईघाईने खाऊ पुढे केला की धडा तिथेच संपतो. शुक्रवार वगळून थेट रविवारची गोष्ट सांगण्याचा मोहही असाच. मृत्यू न सांगता उठणे सांगता येत नाही.

कॅथलिक मुलांना हाच अर्थ अंड्यापेक्षा मेणबत्तीतून अधिक भिडतो. शनिवारच्या रात्री जागरणविधीत अंधाऱ्या देवळात पास्काची मोठी मेणबत्ती आणतात. तिच्यावर चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात, आणि तिच्या ज्योतीवरून सर्वांच्या मेणबत्त्या पेटतात.

युरोपात ईस्टर म्हणजे बर्फानंतरची पालवी. विदर्भात तेव्हा पळसाचा बहर ओसरलेला असतो आणि पारा चाळिशीकडे निघालेला असतो; ‘वसंतातले नवे जीवन’ हे आयात वाक्य इथल्या मुलाला परके वाटते. त्यापेक्षा योहानाच्या शुभवर्तमानातील, जमिनीत पडून मेल्यावरच पुष्कळ पीक देणारा गव्हाचा दाणा त्याला लवकर कळतो. पवित्र आठवड्याच्या आरंभी मोहरी किंवा मेथी पेरली तर ईस्टरपर्यंत कोंब दिसतात. तिथीही पौर्णिमेवरून समजावता येते: २१ मार्च रोजी वा त्यानंतर येणाऱ्या, चर्चच्या गणितातील पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणून २०२४ मध्ये ईस्टर धुळवडीनंतरच्या रविवारी आला, तर २०२६ मध्ये तो हनुमान जयंतीनंतर तिसऱ्या दिवशी. पौर्णिमेचे हे नाते यहुद्यांच्या वल्हांडण सणापासूनचे आहे.

असे देशी वळण देण्याचा आग्रह मराठीत नवा नाही. काही काळ नागपुरात राहिलेले, पुढे १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक कीर्तनातून ख्रिस्तकथा सांगत. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकाचे संपादनही त्यांनी केले.

अंडी आणणारा ससा ही जर्मन लोककल्पना. तिचा लेखी उल्लेख १६८२ मधला आहे. तिला धार्मिक अर्थ चिकटवण्याची गरज नाही. उन्हाच्या दृष्टीने चॉकलेटची अंडी नागपूरकरांना गैरसोयीचीच. उकडलेली रंगवायची तर खाण्याचा रंग वापरून त्याच दिवशी संपवावीत.