नळींतील हिरवें पीक

इ. स. १८९० सालीं हॉलंडमधील बायेरिंक यांनीं क्लोरेला नांवाचें एकपेशीय शेवाळ शुद्ध स्वरूपांत वाढविलें. पुढें कित्येक वर्षें तें प्रयोगशाळेंतील काचपात्रांतच राहिलें. त्याच्या सुक्या वजनांत निम्म्याच्या आसपास प्रथिनें असतात. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर, अन्नाच्या चिंतेंत पडलेल्या जगाचें लक्ष त्याकडे वळलें.

१९५१ सालीं अमेरिकेंतील केंब्रिज येथें, कार्नेगी संस्थेच्या वतीनें, एका इमारतीच्या गच्चीवर ही नवी शेती मांडली गेली. माती नाहीं, नांगर नाहीं. प्लास्टिकच्या बंद नळ्या, त्यांतून खेळणारें क्षारयुक्त पाणी व कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा, एवढाच पसारा. ऊन तेवढें फुकटचें. आणि तेंच वैरी ठरलें! साधारण क्लोरेलास २५ अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब मानवते. नळी तापली कीं वाढ खुंटे, म्हणून पाणी थंड ठेवण्याचा खर्च मागें लागला. शिवाय भर दुपारच्या प्रकाशाचा दहावा हिस्सादेखील पेशीस पुरून उरे. वरच्या थरांत प्रकाश वायां जाई व तळच्या पेशी अंधारांत उपाशी राहत. त्यासाठीं पाणी सतत घुसळणें आलें.

१९५३ सालीं सोरोकिन व मायर्स यांनीं ३९ अंशांवर जोमानें वाढणारा वाण जाहीर केला, तेव्हां एक अडचण हलकी झाली. परंतु पेशीची चिवट भिंत माणसास पचेना, आणि पाण्यांतून पीक वेगळें काढण्याचा खर्चहि उतरेना. सोयाबीन त्याहून कितीतरी स्वस्त! जपानमध्यें मात्र १९६० नंतर उघड्या, वाटोळ्या तळ्यांत क्लोरेला वाढवून तें गोळ्यांच्या रूपानें विकलें जाऊं लागलें.