झाडात लपलेला राक्षसी कीटक आणि 'मांसाहारी' फूल

जंगलातली एक फांदी अचानक हलते आणि कळतं की ती फांदी नाहीच. झाडांत बेमालूम मिसळलेला, माणसाएवढी शिकार करणारा अवाढव्य कीटक कथा-सिनेमांत आणि गेममध्ये नेहमी भेटतो. या कल्पनेत दोन दावे एकत्र बांधलेले आहेत. एक, कीटक एवढा मोठा होऊ शकतो. दोन, त्याच्या रूपामुळेच त्याला शिकार मिळते. असे जोडदावे सुटे करून बघायची सवय आत्तापासूनच लावून घ्या, कारण या दोघांचा इतिहास अगदी वेगवेगळा आहे.

पहिल्याचा निकाल लवकर लागतो. गॅलिलिओने 1638 मध्येच दाखवलं होतं की लांबी दहापट केली तर हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ शंभरपट होतं, वजन मात्र हजारपट. 1926 मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी आकारावरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात कीटकांच्या श्वसनाचा मुद्दा मांडला. कीटकांची हवा रक्तातून नाही, तर बारीक नळ्यांतून थेट पेशींपर्यंत जाते आणि अंतर वाढलं की ही व्यवस्था अपुरी पडते. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा मेगान्यूरा हा चतुरासारखा कीटक जीवाश्मांतल्या सर्वांत मोठ्या कीटकांपैकी एक. त्याच्या पंखांचा विस्तार साधारण 70 सेंटिमीटर. माणूस गिळणं दूरच राहिलं.

दुसरा दावा मात्र इतका पटण्यासारखा होता की तो बराच काळ कोणी तपासलाच नाही.

1879 मध्ये जेम्स हिंग्स्टन या ऑस्ट्रेलियन लेखकाचं प्रवासवर्णन प्रसिद्ध झालं. जावामध्ये आपण एक लाल ऑर्किड पाहिलं आणि त्या फुलाने आपल्यादेखत फुलपाखरू पकडलं, असं त्यात आहे. हसू नका. चारच वर्षं आधी डार्विन यांचं कीटकभक्षी वनस्पतींवरचं पुस्तक आलं होतं, त्यामुळे मांसाहारी फूल ही त्या काळी वेडगळ कल्पना नव्हती. हिंग्स्टन यांनी जे पाहिलं तो बहुधा ऑर्किड मँटिस होता, असं आज मानलं जातं. मँटिस म्हणजे आपला खंडोबाचा किडा. त्याचा हा आग्नेय आशियातला भाऊबंद पांढरा-गुलाबी असतो आणि त्याच्या पायांचे चपटे भाग थेट पाकळ्यांसारखे दिसतात.

आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी 1889 च्या 'डार्विनिझम' या ग्रंथात जावातल्या अशाच गुलाबी मँटिसचा उल्लेख केला. स्वतः वॉलेस मलाय द्वीपसमूहात आठ वर्षं हिंडले होते, पण ही माहिती त्यांना सर चार्ल्स डिल्क यांच्याकडून मिळाली होती. तिच्यावरून त्यांनी तर्क केला की फुलासारखं दिसल्यामुळे भक्ष्य स्वतःहून याच्याकडे ओढलं जात असेल. तर्क उत्तमच होता. पण 'फुलासारखा दिसतो' हे निरीक्षण आहे आणि 'म्हणून कीटक त्याच्याकडे येतात' हा कार्यकारणाचा दावा. पुढच्या लिखाणात त्यांच्यातली फट बुजत गेली आणि 'असेल'चं 'आहे' झालं. शिवाय 'दिसतो' म्हणजे कोणाला? माणसाला. मधमाशीला अतिनील रंग दिसतो आणि लाल जवळजवळ दिसत नाही, तेव्हा आपल्या डोळ्यांची साक्ष इथे कामाची नाही.

नीट प्रयोग प्रसिद्ध व्हायला 2014 साल उजाडलं. जेम्स ओ'हॅनलन आणि सहकाऱ्यांनी मलेशियात काम केलं. कीटकाच्या रंगाचा वर्णपट मोजून तो परागवाहकांच्या दृष्टीने कसा दिसेल हे त्यांनी तपासलं, आणि मग प्रत्यक्ष रानात मँटिसकडे किती परागवाहक येतात आणि फुलाकडे किती, याची तुलना केली. फुलांपासून वेगळा ठेवलेला मँटिससुद्धा परागवाहकांना ओढून घेत होता, आणि तेही तिथल्या एका नेहमीच्या फुलापेक्षा जास्त! म्हणजे वॉलेस यांचा अंदाज बरोबर निघाला. पण रूढ चित्र मात्र बदललं. हा शिकारी फुलांत लपून बसतो असं आपण धरून चाललो होतो. त्याला फुलांची गरजच नव्हती. तो उठून दिसतो, म्हणूनच भक्ष्य येतं.

मग आकाराचा प्रश्न पुन्हा पुढे आला. ऑर्किड मँटिसची मादी सहा-सात सेंटिमीटरची, तर नर तिच्या निम्म्याहूनही लहान. कीटकांत मादी मोठी असली की 'जास्त अंडी घालता यावीत म्हणून' हे ठरलेलं उत्तर तयारच असतं. गॅव्हिन स्वेन्सन आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये या गटाची वंशावळ आणि शरीराची मापं एकत्र ठेवून वेगळा निष्कर्ष काढला: मादीचा आकार वाढला तो फुलासारखं रूप घेऊन मोठे परागवाहक पकडण्याच्या ओघात. लपून राहायचं काम नराकडे उरलं, आणि तो लहानच राहिला.