दोन जुनी ग्राफिक्स कार्डे की एक नवे? : एका जोडणीचा इतिहास

दिवेआगरचा शके 982 (इ. स. 1060) चा ताम्रपट मराठी भाषेच्या अभ्यासकास अपरिचित नाही. अशा ताम्रपटांच्या छायाचित्रांवरून अक्षरे ओळखण्यास संगणकाला शिकवावे, असा विचार विभागात निघाला, तेव्हा लिपीचा प्रश्न बाजूस राहून निराळाच वाद उभा राहिला. हाताशी असलेल्या जुन्या ग्राफिक्स कार्डास तशाच दुसऱ्या जुन्या कार्डाची जोड द्यावी, की अनुदान एका नव्या कार्डावर खर्चावे? अनुदान बेताचे असल्याने हा वाद केवळ तात्त्विक नव्हे. म्हणून या जोडणीचा पूर्वेतिहास पाहणे अवश्य आहे.

ही कार्डे मुळात संगणकीय खेळांसाठी निर्माण झाली. 1998 साली थ्रीडीएफएक्स कंपनीची दोन व्हूडू-2 कार्डे जोडली असता एक कार्ड पडद्यावरील सम रेषा काढी, दुसरे विषम. आणि 800×600 ऐवजी 1024×768 बिंदूंचे चित्र मिळे. या योजनेस ‘स्कॅन-लाइन इंटरलीव्ह’, संक्षेपाने एस. एल. आय., असे नाव होते. पुढे ती कंपनी लयास गेली. तिचा वारसा घेणाऱ्या एनव्हिडियाने 2004 मध्ये तीच आद्याक्षरे पुन्हा योजिली, परंतु आता त्यांचा विग्रह ‘स्केलेबल लिंक इंटरफेस’ असा झाला. (शब्दाचे कवच राहून गाभा पालटण्याचे इतके शुद्ध उदाहरण क्वचितच आढळेल.) या नव्या पद्धतीत बहुधा एक चौकट एका कार्डाने, पुढची दुसऱ्याने रंगवावयाची. चौकटींची संख्या वाढे, पण त्यांमधील काळाचे अंतर असमान राहून चित्र अडखळे. शिवाय प्रत्येक खेळासाठी या जोडणीची स्वतंत्र तजवीज करावी लागे. 2021 च्या आरंभापासून एनव्हिडियाने अशा नव्या तजविजी करण्याचे थांबविले.

खरी अडचण मात्र स्मृतीची. शिलाहारांची दानपत्रे बहुधा तीन पत्र्यांची असत. गरुडमुद्रांकित कडीत ते पत्रे ओवलेले असून मजकूर एकावरून दुसऱ्यावर चालू राही. जोडकार्डांत याच्या उलट, प्रत्येक पत्र्यावर तोच मजकूर पुन्हा कोरावा लागे. 2014 ची दोन जीटीएक्स 980 कार्डे, प्रत्येकी 4 जीबी स्मृतीची, एकत्र केली तरी खेळापुरती स्मृती 4 जीबीच राहते आणि वीज मात्र 330 वॉटपर्यंत लागते. 2016 च्या एकट्या जीटीएक्स 1070 मध्ये 8 जीबी स्मृती असून वीज 150 वॉट पुरते.

यावरून जोडणी मुळातच व्यर्थ, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. 1980 च्या दशकात अमेरिकेने क्रे महासंगणकाच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्यानंतर 1988 मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ सिद्ध झाला. त्याचे अंतरंग म्हणजे ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे अनेक ट्रान्सप्युटर. प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र, आणि शेजाऱ्यांशी बोलण्यास प्रत्येकी चार दुवे. येथे मजकूर खरोखरच पत्र्यापत्र्यांवर वाटलेला होता. परंतु ती वाटणी यंत्र आपोआप करीत नसे; गणित कोठे तोडावे, हे आज्ञावली लिहिणाऱ्यास ठरवावे लागे.

आमच्या कामाची तोडणी कोठे होईल? सुटी कापलेली अक्षरे शिकवावयाची असतील, तर चित्रांचे दोन वाटे करून ते दोन जुन्या कार्डांस सहज देता येतात, त्यासाठी एस. एल. आय. ची गरजही नाही. पण झिजलेले अक्षर कोणीही सुटे वाचीत नाही, मागच्यापुढच्या अक्षरांवरून वाचतो. त्यासाठी संपूर्ण ओळ, किंबहुना संपूर्ण पत्रा, पुरेशा सूक्ष्मतेने यंत्रापुढे ठेवावा लागेल, आणि तो भार एका जुन्या कार्डाच्या स्मृतीत मावण्याचा संभव थोडा. जाळ्याचे थर दोन कार्डांत वाटता येतात, हे खरे. परंतु मग एक काम करीत असता दुसरे बहुधा वाट पाहत बसते. सबब माझे मत एका नव्या कार्डाकडे झुकते. जुने कार्ड मोडीत न काढता सुट्या अक्षरांच्या प्रयोगांसाठी ठेवावे; त्याला जोडीदार मात्र विकत घेऊ नये.