‘बोल्ट’ मोटारीच्या बॅटऱ्या का बदलाव्या लागल्या?

विजेवर चालणाऱ्या ‘शेव्हरोले बोल्ट’ या मोटारींपैकी काहींनी उभ्या जागी पेट घेतल्याने अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये सुमारे ६८ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. बॅटरी ९० टक्क्यांहून अधिक चार्ज होऊ नये, अशी व्यवस्था तूर्त करण्यात आली. पुढे दुरुस्त म्हणून परत दिलेल्या गाड्याही पेटल्या आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तोवर बनलेल्या सर्वच, म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार बोल्ट परत बोलावण्यात आल्या.

दोष होता एलजी कंपनीच्या लिथियम-आयन घटांत. घटातील दोन विद्युत अग्रे एकमेकांना भिडू नयेत म्हणून मध्ये विभाजकाचा पातळ पापुद्रा असतो. काही घटांत एका अग्राची पट्टी फाटलेली आणि पापुद्राही दुमडलेला आढळला. हे दोन्ही दोष एकाच घटात येणे दुर्मीळच. मात्र तसे झाल्यास आतल्या आत शॉर्टसर्किट होते, द्रव ज्वालाग्राही असल्याने घट पेटतो आणि उष्णता शेजारच्या घटांत पसरत जाते. पूर्ण चार्ज झालेल्या घटात ऊर्जा अधिक, म्हणून धोकाही अधिक.

मालकांना गाडी उघड्यावर ठेवण्याची व रात्रभर चार्जिंगला न लावण्याची सूचना मिळाली. घरी रात्री चार्ज होणे हेच जिचे आकर्षण, त्या गाडीच्या बाबतीत ही सूचना जाचकच म्हणावी लागेल. या मोहिमेच्या सुमारे २ अब्ज डॉलर खर्चापैकी १.९ अब्ज डॉलरपर्यंतचा भार उचलण्याचे एलजीने ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्य केले.