सुईएवढ्या छिद्राची गोष्ट

जुना लॉन मोअर सुरू होतो, दोन मिनिटं बरा चालतो. मग इंजिनाचा आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो आणि एकदम बंद पडतो. चोक ओढून धरला तर मात्र नीट चालतो. बहुतेक जण म्हणतात, इंजिन गेलं, भंगारात द्या. पण इंजिनाने आपलं दुखणं सांगून टाकलेलं असतं. चोकमुळे हवा कमी होते आणि मिश्रणातलं पेट्रोल वाढतं. तेवढ्याने ते सुधारत असेल, तर त्याला पेट्रोल कमी पडतंय.

इतक्या सरळपणे बोलणारं यंत्र घडलं कसं?

सुरुवातीला त्यात इंजिनच नव्हतं. इंग्लंडमधल्या स्ट्राउड भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरचे उभे राहिलेले तंतू कातरणारं यंत्र तिथे असे. ते पाहून एडविन बडिंगने गवत कातरणारं यंत्र बनवलं आणि १८३० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ते माणसाने ढकलायचं.

दुसरा धागा जर्मनीतला. सुरुवातीच्या इंजिनांत पेट्रोलवरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळत. १८९३ च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर आणला. ते छिद्र म्हणजे आपल्या मेकॅनिकच्या भाषेतला 'जेट'.

१९५२ मध्ये सिडनीच्या कॉन्कर्ड भागात मर्विन व्हिक्टर रिचर्डसनने घरच्या गॅरेजमध्ये एक मोअर जोडला. पेट्रोलची टाकी म्हणून त्याने पीचचा रिकामा डबा लावला होता. त्यातूनच 'व्हिक्टा' मोअर आला. घरच्या माणसाने घरच्या वस्तूंतून जोडलेलं यंत्र घरीच खोलता येणं साहजिक होतं.

आता पुन्हा आपल्या आजारी इंजिनाकडे. मोअर महिनोन्‌महिने पडून राहिला की पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. तो जेटमध्ये बसतो. पेट्रोल कमी पडलं की वेग उतरतो, गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, वेग चढतो, मग गव्हर्नर तो मिटतो. आवाजाचा झोका हाच. उपाय असा: इंजिन थंड होऊ द्या, प्लगची वायर काढा, जुनं पेट्रोल उघड्या हवेत, आगीपासून लांब काढून घ्या. कार्बोरेटरची वाटी उघडा, जेट क्लीनरने धुवा. जाड तार खुपसू नका; छिद्र मोठं झालं तर मिश्रणाचं माप कायमचं बिघडतं. एअर फिल्टर साफ करून ताजं पेट्रोल घाला.

या छोट्या कामाला आता राजकीय अर्थ आला आहे. फ्रान्सने २०२१ मध्ये वस्तू किती दुरुस्त होऊ शकते, याला दहापैकी गुण द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि विजेवरचे लॉन मोअर होते. भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली; तिच्या क्षेत्रांत शेतीची अवजारं आणि मोबाइल दोन्ही होते.

तुम्ही हे वाचताय तो फोन उद्या असाच अडखळू लागेल. कदाचित फक्त बॅटरीच थकली असेल. पण ती बदलायला मागचं झाकण गोंदातून सोडवावं लागतं आणि योग्य सुटा भाग मिळवावा लागतो. जुन्या मोअरला दोन पाने आणि तासभर वेळ पुरतो. वस्तू आपली आहे की नाही, हे बिलावरून नाही, ती उघडता येते का यावरून ठरतं.