दुखापतपूर्व तपासणी, खेळाडूंची

खेळाडूला पुढील हंगामात दुखापत होण्याचा धोका किती, हे आधी ओळखण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या शारीरिक चाचण्या. त्यांत सांध्यांची लवचिकता, स्नायूंचे बळ, तोल आणि हालचालींची ठेवण पाहतात.

चाचण्या : ग्रे कुक व ली बर्टन यांच्या फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीनमध्ये पूर्ण बैठक, अडथळा ओलांडणे, जोर इत्यादी 7 हालचालींना प्रत्येकी 0 ते 3 गुण देतात, कमाल गुण 21. वाय-बॅलन्स चाचणीत एका पायावर उभे राहून दुसरा पाय तीन दिशांना कुठवर पोचतो, हे मोजतात. उंचावरून उडी घेऊन लगेच वर उसळण्याच्या चाचणीत गुडघे आत वळतात का, हे तपासतात.

मर्यादा : अमेरिकन फुटबॉलच्या 46 व्यावसायिक खेळाडूंच्या 2007 मधील अभ्यासात 14 किंवा त्याहून कमी गुण असणाऱ्यांत गंभीर दुखापतीची शक्यता बरीच जास्त आढळली. तेव्हापासून 14 ही सीमारेषा रूढ झाली. मात्र त्याच अभ्यासात गंभीर दुखापत झालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे खेळाडू या रेषेच्या वर होते. नॉर्वेचे रोआल्ड बार यांनी 2016 मध्ये यामागचे कारण मांडले : दुखापतग्रस्त आणि निरोगी गटांच्या सरासरीत फरक असला, तरी दोन्ही गटांतील बहुतेकांचे गुण एकमेकांत मिसळलेले असतात. त्यामुळे गटाचा धोका सांगता येतो, एकट्या खेळाडूचे भविष्य सांगता येत नाही.

नाशिक : नाशिक जिल्हा लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठी ओळखला जातो. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले; संजीवनी जाधव याच परंपरेतल्या. अशा धावपटूंना नडगीचे दुखणे, हाडाला ताणामुळे जाणारी बारीक चीर, टाचेमागच्या शिरेची सूज हे त्रास प्रामुख्याने होतात. आठवड्याचे अंतर किती झपाट्याने वाढवले, जुनी दुखापत पूर्ण भरली का, आहार व झोप पुरेशी आहे का, मुलींची पाळी नियमित आहे का, यांवर हे त्रास बरेच अवलंबून असतात. एका दिवसाच्या चाचणीत यांपैकी फारच थोडे दिसते; प्रशिक्षकाची रोजची नोंदवहीच ते दाखवते. राज्यातील अनेक फिजिओथेरपी महाविद्यालये नाशिकस्थित महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना 1998) संलग्न असल्याने तेथील अभ्यासक्रमातही हा विवेक महत्त्वाचा ठरतो.

योग्य उपयोग : चालू दुखणे आणि अर्धवट बरी झालेली दुखापत शोधणे, तसेच निरोगी अवस्थेतील मोजमापे नोंदवून ठेवणे, ही या चाचण्यांची खरी कामे. बळ व तोल वाढवणारे व्यायाम कमी गुणवाल्यांपुरते न ठेवता सगळ्यांना द्यावेत. फुटबॉलमधील 11+ या सुमारे 20 मिनिटांच्या सरावक्रमाने संपूर्ण संघांतील दुखापती कमी झाल्याचे आढळले आहे. केवळ कमी गुणांमुळे एखाद्या मुलाला किंवा मुलीला निवडीतून वगळण्यास शास्त्रीय आधार नाही.