जुन्या रायफलीच्या नळीतील क्षार

१८९१ साली रशियन सैन्याने स्वीकारलेली मोसिन-नागांत रायफल दुसऱ्या महायुद्धातही लढली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर गोदामांत पडून असलेल्या अशा असंख्य रायफली अमेरिकेतील संग्राहकांकडे पोचल्या. नवखा संग्राहक लाकडी दस्त्याची चकाकी पाहतो, सुट्या भागांवरचे क्रमांक जुळतात का ते ताडून पाहतो. जाणता मात्र आधी नळीतून उजेडाकडे पाहतो, आणि आमच्या मते तेच योग्य. गोळीला फिरकी देणारे आतले आटे गंजाने खड्डेरी झाले असतील, तर बाकी रूपाचा उपयोग काय?

तेल लावूनही नळ्या गंजत. दोष बराच काळ जळलेल्या दारूतील आम्लांवर ढकलला जाई. १९२२ साली अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधील विल्बर्ट हफ यांनी खरे कारण मांडले. काडतुसाच्या स्फोटक टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते तापले की ऑक्सिजन सुटतो आणि पोटॅशियम क्लोराइड उरते. वर्गात ऑक्सिजन तयार केल्यावर परीक्षानळीत राहतो तोच हा क्षार! नळीत बसून तो दमट हवेतले पाणी शोषतो आणि पोलाद गंजते. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात सहज विरघळतो. म्हणजे नळीत उकळते पाणी ओतणारे ब्रिटिश सैनिक बरोबरच होते. गंज टाळायला पोलादावर पाणी ओतायचे, हे ऐकून विद्यार्थी हसतील, हसू द्यावे.

गोदामात ठेवताना नळीत दाट ग्रीस भरलेले असे. ते पुसून घेतल्याशिवाय आतले खड्डे दिसत नाहीत.